संक्रांतीच्या दिवशी निघालेलं संचलन

आमच्या गावात माजी सैनिकांचं संचलन काढायचं ठरलं तेव्हा बहुतेकांचा कल २६ जानेवारीकडे होता. मी १४ जानेवारीचा हट्ट धरला. प्रजासत्ताक दिनाला प्रभातफेरी, झेंडावंदन, मुलांच्या कवायती. त्या गर्दीत म्हातारे फौजी मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसून असतात. माझ्या वडिलांना मी असंच बसलेलं वर्षानुवर्षं पाहिलंय. भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली १४ जानेवारीला निवृत्त झाले, म्हणून सैन्यदलं हा दिवस माजी सैनिकांचा म्हणून पाळतात. त्या दिवशी संक्रांत आहे, बायका सुगडांच्या गडबडीत असतात, हे मला सगळ्यांनी सांगून झालं. तरी दिवस तोच ठेवला.

परवानग्यांना तीन हेलपाटे पडले. मिरवणुकीची, लाऊडस्पीकरची, रस्ता तासभर बंद ठेवायची. ते काम कोणीही चिकाटीने करू शकतं. खरं काम होतं माणसं शोधण्याचं. एका कार्यालयातून मिळालेली यादी इतकी जुनी होती की त्यातली कितीतरी माणसं हयात नव्हती आणि जी होती त्यांचे हुद्दे चुकीचे होते. सुभेदाराला नाईक लिहिलं तर चालत नाही. मग दोनशे पानी वही घेतली आणि शाळा सुटल्यावर वाडीवस्तीवर फिरायला लागले.

एका वस्तीवर जंगी पलटणीतले, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले एक आबा भेटले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेल्या पलटणीत ते होते. रात्री शत्रूची तुकडी वेढा फोडून निघाली ती थेट यांच्यावरच चालून आली, आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मेडलांबद्दल विचारलं तर म्हणाले, "ट्रंकेत असतील पोरी, कुठं जाणारेत?"

सुनेने ट्रंक ओढून काढली. डिस्चार्ज बुकाखाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला पाच टोकांचा 'पूर्वी स्टार' आणि संग्राम मेडल, दोन्ही १९७१ च्या युद्धातली पदकं. रिबनींचा रंग उडालेला, टाचणी गंजलेली. संग्राम मेडलच्या कडेवर बारीक अक्षरं कोरलेली होती. मी चष्मा वर-खाली करत आकडे वाचायला लागले, तोवर आबांनी न बघता सात आकडी नंबर, हुद्दा, नाव धडाधड म्हणून दाखवलं. एक आकडाही चुकला नाही. जेवलो का ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही, असं सून सांगत होती. मेडल घासूनपुसून लख्ख करू का, असं मी विचारलं तर नको म्हणाले. फक्त रिबन नवीन आणली.

चालायला मात्र ते तयार नव्हते. "माझ्या पायानं सगळी परेड अडंल." त्यावर त्यांच्याच वस्तीतल्या एका निवृत्त हवालदारांनी तोड काढली: सैनिकांच्या रांगेत आबांनाच पुढं ठेवायचं, मागची आपोआप हळू चालतील. बँडवाल्यांना चाल निम्म्यावर आणायला सांगितलं. एसटी स्टँड ते हुतात्मा स्मारक हे दहा मिनिटांचं अंतर. आम्ही पस्तीस मिनिटं धरली.

सगळ्यात पुढे वीरमाता आणि वीरपत्नी होत्या. हयात नसलेल्या सैनिकाची पदकं घरच्यांनी छातीच्या उजव्या बाजूला लावायची असतात. एका वीरपत्नी ताईंनी आदल्या रात्री फोन करून दोनदा विचारून घेतलं, उजवी म्हणजे माझी उजवी ना? त्यांना दुसरीही धास्ती होती. संक्रांतीला त्या घराबाहेर पडत नाहीत, कारण वाण लुटणाऱ्या बायका त्यांना बघून थबकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानेही तसं परिपत्रक काढलं. पण ठराव झाला म्हणून उंबऱ्यावरची बाई लगेच बदलत नाही. मी आमच्या आळीतल्या बायकांशी आधीच बोलून ठेवलं होतं, तरी पोटात गोळा होता.

मारुतीच्या देवळापाशी संचलन आलं तेव्हा नऊवारीतल्या एक आजी करंडा घेऊन रस्त्यात उतरल्या. ताईंच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, पदकाला बोट लावून स्वतःच्या कपाळाला लावलं आणि बाजूला झाल्या. बँड वाजत होता. ताई थांबल्या नाहीत, पदर सारखा करून पुढे चालत राहिल्या. मागून आबा येत होते, एका हातात काठी, दुसरा हात बाजूला सरळ, मूठ आवळलेली. पूर्ण रस्ताभर त्यांनी सोबत ठेवलेल्या जीपकडे बघितलंसुद्धा नाही.

स्मारकापाशी पाणी आणि तिळगूळ वाटत होते, तेव्हा गर्दीतून पाचजण पुढे आले. आमचं नाव कसं नाही, असं रागावून नव्हे, हळू आवाजात विचारलं. मी वही काढून लिहून घेतलं, हुद्दा विचारून, पलटण विचारून. त्यातले दोघे घाटाजवळच्या ज्या वाड्यांमधून आले होते, तिथे मी गेलेच नव्हते. येत्या रविवारी तिकडे जाणार आहे.