फीड पूर्ण देऊ नका

ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर हे ब्लॉग लिहिण्याचं संकेतस्थळ सुरू झालं आणि एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, न येणाऱ्यालाही स्वतःचं पान मिळालं. गूगलने ते फेब्रुवारी २००३ मध्ये घेतलं, जूनमध्ये आपल्या पानावर जाहिराती लावून पैसे मिळवून देणारं अ‍ॅडसेन्स आणलं. फुकट जागा आणि जाहिरातीचे पैसे एकत्र आल्यावर नुसत्या जाहिराती आणि लिंकांसाठी काढलेले स्पॅम ब्लॉग, म्हणजे स्प्लॉग, फोफावले. ऑक्टोबर २००५ मध्ये तर एका शनिवार-रविवारात प्रोग्राम चालवून ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे ब्लॉगरच्याच फुकट जागेवर, हजारो बोगस ब्लॉग उघडले गेले. त्याच वर्षी जानेवारीत आलेला नोफॉलो, म्हणजे ‘ही लिंक मोजू नका’ असं सर्च इंजिनला सांगणारी खूण, इथं कुचकामी ठरतो. कॉमेंटमधल्या लिंकांसाठी तो ठीक, पण स्प्लॉगवर लिंक टाकणारा स्वतःच मालक असतो.

स्प्लॉगला मजकूर लागतो आणि तो आपल्या आरएसएस फीडमधून, म्हणजे नव्या पोस्टी आपोआप पुरवणाऱ्या फाइलमधून, जातो. प्रोग्राम ठरावीक वेळाने फीड वाचतो, नवी पोस्ट जशीच्या तशी उचलतो आणि वर जाहिराती डकवतो. माणूस वाचतच नाही, म्हणून खुणा राहतात: ‘मागच्या भागात म्हटल्याप्रमाणे’ हे वाक्य तसंच, पण मागचा भाग तिथं नाही, फोटो अजून आपल्याच सर्व्हरवरून उघडतोय.

याच आंधळेपणाचा फायदा घ्या. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंगमध्ये जाऊन फीडसाठी पूर्ण मजकुराऐवजी सारांश निवडा. ब्लॉगरमध्ये साइट फीडखाली ‘शॉर्ट’ निवडा. फीड रीडरमध्ये, म्हणजे अनेक ब्लॉगांची फीड एकत्र दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, वाचणाऱ्यांना एक क्लिक जास्त पडते, हे खरं. तरी माझ्या मते ते परवडतं. प्रत्येक पोस्टमध्ये आपल्या जुन्या लेखांच्या दोन-तीन लिंक पूर्ण पत्त्यासह द्या. पूर्ण पोस्ट उचलली गेलीच, तर चोरीच्या पानावरूनही त्या आपल्याकडेच येतात आणि मूळ लेख कोणाचा ते दिसतं.

महिन्यातून एकदा पोस्टच्या मधलं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पहिलं वाक्य नको, ते सारांशातही असतं. नक्कल सापडली की आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मगच तक्रार करा. पान उडालं तर पुरावाही जातो. गूगलच्या कॉपीराइट फॉर्ममध्ये नुसता ब्लॉगचा पत्ता देऊ नका, प्रत्येक पोस्टचा मूळ आणि नकलेचा पत्ता जोडीने द्या. गूगलने शोधातून काढलं तरी परक्या होस्टिंगवरचं पान तिथंच राहतं. हूइजमध्ये, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते कोणाच्या नावावर आहेत ते दाखवणाऱ्या नोंदीत, डोमेनचा आयपी पत्ता तपासून होस्टिंग कंपनीच्या तक्रार-ईमेलवर तीच यादी वेगळी पाठवावी लागते.