डाग वाढले की ऊन कमी होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परभणीत आमच्या गच्चीवर सकाळी दुर्बीण लागली की शेजारपाजारचं कुणी ना कुणी वर येतं. भिंगापुढचा सौर फिल्टर हलवून बघितल्याशिवाय मी कुणालाच डोळा लावू देत नाही. मग सूर्यावरचे काळे डाग बघून प्रश्न येतोच, "बाई, डाग वाढले की ऊन कमी होतं का?" एप्रिलात तर फार आशेनं विचारतात.

नाही होत. उलट डाग सर्वांत जास्त असतात तेव्हा सूर्य सुमारे 0.1 टक्का अधिक उजळ असतो. आपलं ऊन त्यानं वाढत नाही. मेच्या मध्यात सूर्य थेट परभणीच्या डोक्यावर येतो, ते कारण पुरेसं आहे. पण डाग असून उजेड जास्त, हे कसं?

बिंबाच्या कडेला बघा. पिंजलेल्या कापसासारखे फिकट पांढरे पट्टे दिसतील. ते फॅक्युली. मी रोज वर चढते ती त्यांच्यासाठी. सूर्याचा पृष्ठभाग रवाळ आहे. उकळत्या वायूचा एकेक दाणा हजारेक किलोमीटरचा, आणि दहाएक मिनिटांत विरून जाणारा. दाण्यांमधल्या फटींत चुंबकीय क्षेत्र गोळा होऊन बारीक नळ्या बनतात. चुंबकीय दाबामुळे नळीतला वायू विरळ, म्हणून नजर खोल जाते आणि आतल्या तापलेल्या भिंती दिसतात. अगदी आडात डोकावल्यासारखं. कडेला आपण तिरपं बघतो, तेव्हा पलीकडची भिंत नीट समोर येते. डाग म्हणजे मोठी बारव. तिथलं क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवतं आणि भिंतींची ऊब मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तो काळा. डाग ठळक दिसतात खरे, पण या नळ्यांचे बारके उजळ ठिपके इतके असतात की एकूण हिशेबात तेच भारी पडतात.

सुटा ठिपका मात्र मी कधी पाहिला नाही. तो शंभर-दोनशे किलोमीटरचा, आणि माझ्या 80 मिलिमीटरच्या दुर्बिणीला हजार किलोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही. हवाईतल्या 4 मीटरच्या इनूये दुर्बिणीला दिसतं. मला त्यांचा पुंजका दिसतो, तोही हवा शांत असली तरच. उदयपूरची सौर वेधशाळा त्यासाठीच तलावात बांधली आहे. मी दुर्बिणीभोवती ओली बारदानं अंथरते. टँकरच्या वर्षी तेही नाही.

यायचं तर साडेसातच्या आत या. स्लॅब तापला की सूर्याची कड थरथरायला लागते, आणि पांढरे पट्टे आधी जातात.