जास्वंदीची नळी

मी आठवीत होतो तेव्हा, 1983 साली, प्रयोगशाळेच्या भिंतीवर फुलाचा एक जुना तक्ता टांगलेला असे. त्यात मधोमध स्त्रीकेसर आणि त्याच्याभोवती सुटे पुंकेसर शिस्तीने उभे होते. विज्ञानाच्या बाईंनी एके दिवशी तो तक्ता गुंडाळून ठेवला आणि प्रत्येक बाकावर एक जास्वंद व दाढीचे अर्धे पाते दिले, कारण तक्त्यातले फूल कुठल्याही कुंपणावर सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला आजही पटते.

जास्वंदीत पुमंग, म्हणजे फुलाचा नर भाग, आणि जायांग, म्हणजे मादी भाग, एकमेकांच्या नुसते शेजारी नसतात. पुष्कळ पुंकेसरांचे तंतू जुळून त्यांची एक लांब नळी होते, परागकणांच्या पिशव्या, म्हणजे परागकोष, त्या नळीवर बाहेरून लागलेले असतात, आणि कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, त्याच नळीच्या आतून वर येऊन टोकाशी परागकण झेलणाऱ्या पाच मखमली कुक्षींत विभागतो. मी नळी उभी चिरली, तेव्हा आतला बारीक दोरा थेट खालच्या अंडाशयापर्यंत गेलेला दिसला. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून निघणारी परागनलिका कुक्षीवृंतातून उतरून, ज्याचे पुढे बी होते त्या बीजांडापर्यंत पोहोचते, हे वाक्य मला पाठ होते. ती वाट त्या दिवशी मी बोटाने मोजली.

परागकोषच काढून टाकले तर काय होईल, असे एकीने विचारले. बाईंनी कामेरारियस या जर्मन शास्त्रज्ञाची हकिगत सांगितली. त्यांनी एरंडाची नर फुले वेळीच खुडली, तेव्हा झाडाला रुजणारे बी धरले नाही, आणि वनस्पतींतही नर-मादी असतात हे त्यांनी 1694 साली मांडले.

बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरते, म्हणून आम्ही तिच्याच कुळातली भेंडी घेतली. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या दोन कळ्यांचे परागकोष संध्याकाळीच चिमट्याने खरवडून त्यांवर कागदी पिशव्या बांधल्या. आणखी दोन कळ्यांवर नुसत्या पिशव्या बांधल्या. काही दिवसांनी पाहिले, तर पहिल्या दोन्ही गळून पडल्या होत्या आणि दुसऱ्या दोहोंना कोवळ्या भेंड्या धरल्या होत्या, कारण भेंडीला स्वतःच्या फुलातले परागकणही चालतात.

बाईंनी एक भेंडी आडवी चिरून आमच्यासमोर धरली. आत पाच कप्पे होते. जास्वंदीच्या तळाशी पाहिलेला अंडाशयच जणू मोठा होऊन समोर आला होता. प्रत्येक बीमागे एक परागकण, असे बाई म्हणाल्या, आणि दुसरी भेंडी उभी चिरून आम्ही बिया मोजायला बसलो.