सात काळी पानं

मे महिन्याची दुपार, परभणीचं ऊन, कूलरमध्ये नुकतंच बादलीभर पाणी ओतलेलं. ब्रिजचा डाव. पत्ते उचलले, लावले, पुन्हा मोजले. इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम, मागोमाग नव्वी, पंजी, दुर्री. सात! शिवाय बदामचा एक्का नि चव्वी, चौकटचा राजा अठ्ठी-तिर्रीसकट, आणि किलवरची एकटी छक्की.

चांगले पत्ते आले की मला आनंद होत नाही, घाम फुटतो. भिकार आले तर बरं, 'पास' म्हणायचं आणि चहाची वाट बघायची.

मोठ्या पानांचे गुण १७. आठ हात तर मी डोळे मिटून काढणार, चौकटच्या राजाचा अर्धा धरला तर साडेआठ. आता बोली, म्हणजे किती हात काढणार ते आधीच सांगायचं. 'एक इस्पिक' म्हणावं, तर तिघंही पास म्हणून मोकळे होतील आणि डाव एकवरच अडकेल ही धास्ती. 'दोन किलवर' म्हणावं, ज्याचा किलवरशी काडीचा संबंध नसतो, नुसती 'माझ्याकडे लई आहे' अशी दवंडी, तर समोरचे सर, माझे जोडीदार, २२ गुण धरून वर चढत सुटणार. राहिलं 'चार इस्पिक'. पण ती लांब रंग आणि बाकी खडखडाट असलेल्यानं विरोधी जोडीची बोलती बंद करायला लावायची बोली. माझ्याकडे खडखडाट कुठं होता?

आणि बोलायला शब्द तरी किती? एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास, डबल, रिडबल. मोजून पंधरा. एवढ्यात संसार सांगायचा.

मेंढीकोटात असला पेच नव्हता. आजोळी ढाळजेत डाव बसला आणि मामाकडे हुकूम जास्त आले, की तो मिशीला हात लावायचा. समोरचा मावसभाऊ काय ते समजून जायचा. लबाडीच होती, पण सगळ्यांना माहीत असलेली. आजी आतून ओरडायची, "मिशी सोड की रे मेल्या!"

बोटांनी बोलायची मामाची सवय बाजारातली. १९७२च्या दुष्काळात वैरण संपली, तेव्हा तो देवणी बैलांची जोडी घेऊन हाळी हंडरगुळीच्या बाजारात गेला. सोबत मी, दहा वर्षांचा. दलालानं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला आणि आत बोटं चालू झाली. मी रुमालाकडेच बघत होतो. तो मध्येच उंच व्हायचा, एका कडेला फुगायचा, मग नुसताच थरथरायचा. किती बोटं, कितीचं एक बोट, काही कळेना. मामाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग रुमाल निघाला, कासरा दुसऱ्याच्या हातात गेला. येताना मामा एक अक्षर बोलला नाही. घरी आजीनं विचारलं, "किती आले?"

"आले ठीक."

आकडा आजतागायत कुणाला माहीत नाही. आमच्याकडं तूर रानात मावत नसली तरी विचारणाऱ्याला 'बरी हाय' एवढंच सांगतात.

"काहून गप बसलात?" डावीकडचे काका म्हणाले. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

"चार इस्पिक," मी म्हणालो. पास, पास, पास. पहिलं पान पडलं आणि सरांनी आपले पत्ते मांडले. चौकटचे एक्का-राणी, किलवरचा एक्का. बदामची चव्वी तेवढी गेली, बाकी बारा हात झाले. स्लॅम, म्हणजे बारा हातांची बोली, समोर लोळत होता आणि आम्ही चारवर, म्हणजे दहा हातांवर.

सर काही बोलले नाहीत. तेरावं पान टाकून त्यांनी विचारलं, "सतरा होते का हो?"

मी मान हलवली. तेवढ्यात लाईट गेली, कूलर थांबला. सरांनी गुणांची वही मिटली आणि तिनंच वारा घ्यायला लागले. आधी स्वतःला, मग थोडा माझ्याकडे.