कोर्स झाला, दाखला अडला: नागपुरात बाळं सांभाळायचं काम शिकताना

दीड महिन्याच्या बाळाची मान कशी धरायची, घशात काही अडकलं तर काय करायचं, हे सगळं मी शिकले आणि जमलंही. पण मी सरळमार्गी बाई आहे हे कागदावर उमटायला जो वेळ गेला, त्यात असा आणखी एक कोर्स झाला असता.

कोर्सबद्दल थोडक्यात. सीताबर्डीजवळची संस्था, मानेवाड्याहून ऑटोनं जायची. शिकवायला एक निवृत्त नर्स मॅडम. पहिल्याच दिवशी आमच्यातली एक म्हणाली, "मी तीन पोरं वाढवली मॅडम, मले काय शिकवता?" मॅडमनी तिच्या हातात रबरी बाहुली दिली. "शेंगदाणा अडकला. श्वास बंद. कर." तिनं आधी तोंडात बोट घातलं. तेच करायचं नसतं, वस्तू दिसत नसेल तर ती आणखी आत जाते. वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीनं. त्यानंतर कुणी पोरं मोजून दाखवली नाहीत.

बाकी झोपवायचं पाठीवर, सहा महिने फक्त आईचं दूध, वर्षाच्या आत मध नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण घरी कामाला लागलात तर आजींशी पहिला खटका घुटीतल्या मधावरूनच उडतो.

आता दाखला. मूल ज्याच्या हाती द्यायचं त्याची पोलीस चारित्र्य पडताळणी हवी, यावर माझी तक्रार नाही. माझं मूल असतं तर मीही मागितली असती. अर्ज ऑनलाइन, महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर. फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि जिथे दाखला द्यायचा त्यांचं पत्र. या पत्रापाशी गाडी अडली. ज्या पाळणाघरात काम मिळत होतं ते म्हणे, आधी दाखला आणा, मग रुजू करून घेतो आणि पत्र देतो. अर्ज म्हणे, आधी पत्र जोडा. मी संस्थेचं पत्र जोडलं. ठाण्यातल्या खिडकीवर ते वरखाली बघून झालं आणि उत्तर आलं, "यात नोकरी कुठं लिहिली आहे, बाई? हे तं कोर्सचं आहे."

त्यात माझ्या आधारवर सासरच्या गावचा पत्ता. गाव जिल्ह्यातच, पण नागपूर शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि नागपूर ग्रामीण वेगळं, हे मला तिथं कळलं. राहते शहरात, कागद बोलतो गावाचं. खोली भाड्याची असेल तर भाडेकरार आधीच करून ठेवा. तोंडी व्यवहारावर घरमालक कितीही चांगला असला तरी तो पुरावा होत नाही.

आणि महिना डिसेंबर. हिवाळी अधिवेशन. अख्खं ठाणं बंदोबस्ताला.

"साहेब नाहीत जी."

"कधी येतील?"

"या ना उद्या."

उद्या गेलं की परत उद्या. मोबाइलवर अर्जाची स्थिती बघायची मला सवयच लागली होती, भाजी चिरताचिरता सुद्धा. तिकडून पाळणाघराच्या मॅडमचा फोन, "ताई, दाखला आला का? नाही तर दुसरी बाई बघू का?" शिकलेलं सगळं हातात आहे आणि नोकरी एका शिक्क्यासाठी दुसऱ्या बाईकडे चालली आहे, याचा संताप अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, नागपुरात अर्ज टाकायचा तर दिवाळीच्या आधी टाका किंवा अधिवेशन उठल्यावर.

शेवटी एक दिवस खिडकीवर महिला हवालदार होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, पाळणाघराकडून नेमणुकीचं नको, साधं पत्र आणा: अमुक यांची निवड विचाराधीन असून रुजू होण्यापूर्वी पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आवश्यक आहे. लेटरहेड, सही, शिक्का. सोबत भाडेकरार. बस. पाळणाघरानं ते पत्र त्याच संध्याकाळी दिलं. एका वाक्याचं काम! पहिल्या दिवशी पहिल्या खिडकीवर हे कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? नंतर शेजारी चौकशी झाली, आणि दाखला ऑनलाइनच आला. मी त्याची रंगीत प्रिंट काढली, गरज नसताना.

आता मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीच्या पाळणाघरात आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली, त्यामुळे अशा जागा निघतात. आईला दिवसातून चार वेळा येऊन भेटायचा हक्कही त्याच दुरुस्तीनं दिला. हक्क चांगलाच, पण नुकतं शांत झालेलं बाळ आई परत निघाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मग आम्ही प्रत्येक आईला बाळाच्या झोपेच्या वेळा सांगून ठेवायला लागलो.

एक राहिलं. घरी काम धरणार असाल तर मुलाखतीतच ठरवून घ्या: बाळाच्या बाटल्या, कपडे, खेळणी तुमच्याकडे, घरची भांडी आणि केरफरशी नाही. मी एका घरी हे विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, "थोडंफार तं करावंच लागते ना." तिथं मी चहासुद्धा घेतला नाही.