विहिरीवरचा लेख चार वेळा लिहिला

बेळगावच्या टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर लिहायला घेतलं तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, 'भारतीय स्वातंत्र्यसंग्रामाच्या इतिहासात बेळगाव शहराचे स्थान अनन्यसाधारण आहे.' खानापूरच्या आत्याला मजकूर पाठवला. तिचा फोन आला, "हे कशाबद्दल हाय रे? दोन वळी वाचल्या, कायच कळंना."

पुढच्या रविवारी तिच्याकडं गेलो, मोबाईल तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाच म्हटलं. ऑनलाइन लिखाण सुधारायला याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. तिचा आवाज जिथं अडखळला, अंगठ्यानं मजकूर जिथं भराभर वर सरकला, तिथं मी वहीत खूण करत गेलो. एका परिच्छेदानं मोबाईलचा अख्खा पडदा भरला होता. तो तिनं वाचलाच नाही. 'च्या अनुषंगाने', 'च्या पार्श्वभूमीवर' असं काही आलं की तिची नजर पुढं पळायची.

रमली ती दोनच ठिकाणी. काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाला येणाऱ्या हजारो लोकांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खोदली, हे मी सातव्या परिच्छेदात टाकलं होतं. "तेवढ्यासाठी विहीर खोदली?" म्हणत तिनं ते परत वाचलं. पुढं गायिका गंगूबाई हनगल यांचा उल्लेख होता. तेव्हा त्या ११ वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या, आणि त्या अधिवेशनात गांधीजींसमोर गायल्या होत्या. तिथंही आत्या थबकली. सांगण्यासारखं सगळं माझ्याजवळ होतं, आणि मी ते गौरवाच्या शब्दांखाली पुरून टाकलं होतं.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला. आम्हा सीमाभागातल्यांच्या मराठीत कन्नडचा हेल असतो, शब्दही असतात. पुण्या-मुंबईचं कुणी वाचेल आणि नाव ठेवेल, ही भीती शाळेपासून मनात बसलेली. लिहायला बसलं की म्हणूनच जड शब्द आपोआप येतात. मला वाटतं, आमच्याकडचं कितीतरी चांगलं लिखाण या एका भीतीनं कोरडं झालंय. तिसऱ्यांदा लिहिताना मी समोर आत्या बसलीय असंच धरलं. सुरुवात थेट विहिरीच्या कठड्यापासून केली, परिच्छेद तीन-चार ओळींचे ठेवले. 'बेळगावचा गौरवशाली वारसा' हे शीर्षक काढून 'एका अधिवेशनासाठी खोदलेली विहीर' असं दिलं.

तरी एक चूक राहिली. गांधीजी 'पहिल्यांदाच' काँग्रेसचे अध्यक्ष झाले, असं मी लिहिलं होतं. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी त्या शब्दावर बोट ठेवलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते बेळगावला. 'पहिल्यांदाच' म्हटलं की पुढंही झाले असतील असं वाटतं आणि बेळगावचं वेगळेपण तिथंच हरवतं. तेव्हापासून तारीख, आकडा आणि 'पहिला', 'एकमेव' हे शब्द दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय मी मजकूर हातावेगळा करत नाही.

चौथा खर्डा आत्यानं शेवटपर्यंत वाचला, मध्ये कुठं न थांबता. मग विचारलं, "पाणी हाय का रे अजून तिच्यात?"

ते मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन परत टिळकवाडीला गेलो.