काळा टीशर्ट, बेळगाव

बेळगावात काळा टीशर्ट घालून फिरलं तर एरवी कुणी ढुंकून बघत नाही, पण एक नोव्हेंबरला बघतात. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली आणि आपण इकडे कर्नाटकात राहिलो म्हणून इथली मराठी माणसं त्या दिवशी काळा दिन पाळतात, काळे कपडे, काळ्या फिती, सायकल फेरी, आणि त्याच दिवशी दुसरीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, छातीत दणके बसतील असा डीजे. अशा दिवशी मी सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडचा टीशर्ट घालून दूध आणायला निघालो की फेरीतले लोक आपला म्हणून मान हलवतात, कोपऱ्यावरचे पोलीस जरा जास्त वेळ बघतात, आणि माझा टीशर्ट बारा महिने काळाच असतो हे मी कुणाकुणाला सांगत बसणार? बरं जुलैत तर हा छंद महाग पडतो, पाऊस थांबत नाही, काळा कॉटन चार-चार दिवस वाळत नाही आणि मग जो वास येतो त्यात कसलीही गॉथिक शान उरत नाही.

तर मी संगीतावर लिहितो. हे सांगितलं की आमच्याकडे समोरच्याचा चेहरा लगेच उजळतो, कारण हा भागच तसा, कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, पलीकडे धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, म्हणजे गाण्यावर लिहिणारा माणूस ही अगदी सोयरीक जमवण्याजोगी गोष्ट. मग मी सांगतो की मी इंडस्ट्रियल आणि गॉथिक बँडवर लिहितो, म्हणजे एक यंत्रांच्या, लोखंडाच्या आवाजांचं संगीत आणि दुसरं अंधार-मरणाचं रॉक, आणि ती उजळलेली वात बारीक होते. आमची एक मावशी तर सरळच म्हणाली, "ते भुताटकीचं व्हय? बरं हाय खरं रात्री लावू नको." (आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये.)

हे वेड लागलं ते मेडिकलच्या हॉस्टेलमधल्या पोरांमुळे. तिथं कुठून कुठून मुलं येतात, परदेशातलीसुद्धा, आणि कोर्स संपवून जाताना मागे पुस्तकं, बादल्या आणि हार्ड डिस्क ठेवून जातात. एका डिस्कमधून मला नऊ मिनिटांहून लांब असं एक गाणं मिळालं, 'बेला लुगोसीज डेड', बाऊहाऊस नावाच्या बँडचं, १९७९ चं. ऐकून बघा कधीतरी. आधी नुसती ड्रमची काठीवर काठी, तिच्यावर एको सोडलेला, मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येणारा बेस, गिटारवाला तर वाजवत नाहीच, खरवडतो, आणि गायक जवळजवळ तीन मिनिटं तोंडच उघडत नाही. आपल्याकडे विलंबित ख्यालाला कान तयार असलेल्या माणसाला हे थांबणं जड जायला नको खरंतर. ज्याच्यावर गाणं आहे तो बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या सिनेमातला ड्रॅक्युला, त्याला पुरलासुद्धा ड्रॅक्युलाच्याच झग्यात, आणि तो वारला १९५६ मध्ये. १९५६ म्हटलं की सीमाभागातल्या माणसाला दुसरंच काहीतरी आठवतं, मलाही आधी तेच आठवलं.

पण मला खरी मजा वाटली ती बँडच्या गावाची. हे लोक लंडनचे नाहीत, नॉर्थॅम्प्टनचे. नॉर्थॅम्प्टन म्हणजे चपला-बुटांचं गाव, पिढ्यान् पिढ्या कातडं कापणं, शिवणं, तळ ठोकणं. म्हणजे आपलं अथणी की! ज्याला सगळं जग कोल्हापुरी म्हणतं त्या चपला आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणीकडेही बनतात, २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते दोन्ही राज्यांच्या जिल्ह्यांना मिळून मिळालं, सीमाप्रश्नात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं माझ्या ऐकिवात नाही.

मग मी बाकीच्यांची गावं बघत सुटलो. कॅबरे व्होल्टेअर १९७३ चे, शेफील्डचे, म्हणजे पोलादाचं गाव, तिथले संगीतवाले बऱ्याचदा सांगतात की रात्री अंथरुणात पडल्यावर फोर्जचा घण ऐकू यायचा. सिस्टर्स ऑफ मर्सी लीड्सचे, कापडाच्या गिरण्यांचं शहर. नाईन इंच नेल्स क्लीव्हलंडमधून निघालं, तेही लोखंडाचंच. थ्रॉबिंग ग्रिसलवाल्यांनी तर १९७६ ला स्वतःच्या कंपनीचं नावच इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ठेवलं, त्यावरून या सगळ्या प्रकाराला नाव पडलं. लोकांना वाटतं हे संगीत स्मशानातून, किल्ल्यांतून, वटवाघळांतून आलं. कशाचं काय, हे शिफ्टच्या गावातून आलेलं संगीत आहे, भोंगा झाला की उठणाऱ्या घरातल्या पोरांचं, आणि त्यातल्या बऱ्याच पोरांना दिसत होतं की भोंगा आता बंद पडणार. माझं सगळं लिखाण या एका मुद्द्याभोवती फिरत असतं, संपादक कंटाळले असतील.

आम्ही वडगावातले. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा मागवाल्यांचा पट्टा, माझ्या लहानपणी गल्लीत घरटी पॉवरलूम असायचे आणि पाहुणे आले की विचारायचे तुम्हाला झोप कशी लागते. आम्हाला उलट पाहुण्यांच्या गावी लागायची नाही. आता सिस्टर्सकडे माणूस ड्रमर नव्हताच, ड्रम मशीन होतं, त्याला त्यांनी डॉक्टर ॲव्हलांश असं नाव देऊन बँडमधला गडी म्हणूनच मिरवलं. हे डॉक्टरसाहेब एकदा सुरू झाले की केसभर इकडेतिकडे होत नाहीत. मागांचं तसं नसतं. गल्लीतले आठ-दहा माग एकाच वेळी चालू असले तरी प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा, पट्टा ढिला, मोटर जुनी, धोटा झिजलेला, त्यामुळं सगळे ठोके हळूहळू सरकत जातात, मध्येच सगळ्यांची सम एकदम येते, दोन-चार ठोके सगळी गल्ली एकच माग असल्यासारखी वाजते, की परत फाटते. ही सम कुणी आणलेली नसते. अंथरुणात पडून तिची वाट बघायची. म्हणून असेल, पण त्या डान्सवाल्या इंडस्ट्रियलमध्ये, म्हणजे फ्रंट २४२ वगैरे, पहिली दहा मिनिटं मला झकास वाटतात आणि मग वाटतं, एखादा पट्टा ढिला करा की रे कुणीतरी. आणि मध्येच करंट जायचा तेव्हा काय व्हायचं! सगळं एकदम थांबत नाही, चाकं आपल्या वजनानं फिरत राहतात आणि एकेक ठोका लांबत लांबत मरतो. असा शेवट असलेलं गाणं मी अजून शोधतोय.

आता आमच्या मामाबद्दल सांगितलं पाहिजे. मामा उद्यमबागेत एका फौंड्रीत फेटलिंगला होता, आता रिटायर. बाहेरच्यांना बेळगाव म्हणजे कुंदा एवढंच माहीत असतं, पण इथलं ओतकाम देशभर जातं, पंपांचे भाग, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिकची ब्लॉकं, काय काय. फेटलिंग म्हणजे साच्यातून काढलेल्या कास्टिंगवरचं जास्तीचं लोखंड तोडायचं, घासायचं, ग्राइंडर मारायचा, दिवसभर ठिणग्या. तर या मामाला मी आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटेन ऐकवलं. पश्चिम बर्लिनचे, १९८० चे. यांनी भंगारातून पत्रे, पाइप, स्प्रिंगा गोळा करून वाजवल्या, सुरुवातीचं एक रेकॉर्डिंग मोटारींच्या हायवेच्या पुलाच्या आतल्या पोकळीत शिरून केलं, आणि १९८४ च्या जानेवारीत लंडनच्या आयसीए या कलाकेंद्रात त्यांच्यातल्या काहीजणांनी काँक्रीट मिक्सर, ड्रिल लावून स्टेजच फोडायला घेतलं, तेव्हा कार्यक्रम मध्येच बंद पाडावा लागला.

मला वाटलं मामा हसेल किंवा शिव्या देईल. मामानं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला आणि डोळे बारीक केले. म्हणाला, "कास्टिंग न्हवं हे. पत्रा हाय. टाकीचा आसंल. आणि हे जे कुईं करालंय न्हवं, ते स्प्रिंग हाय." मग थोड्या वेळानं, "ग्रे आयर्न कशाला वाजवतील, ते वाजतंच कुठं. एसजी घ्यायला पायजे हुतं." मग मला समजावलं ते असं की ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, ते कंप खाऊन टाकतं, म्हणून तर लेथचा बेड त्याचा करतात. एसजी ही ओतीव लोखंडाची दुसरी जात, तिच्यात तेच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, म्हणून हातोडी मारली की खणखणीत ऐकू येतं. आणि आतून चीर असेल तर दोन्ही बद्द वाजतात. हजारो नग असे टिचकी मारून मारून मामानं पास-नापास केलेत. मी ज्याला प्रयोगशील ध्वनी वगैरे लिहितो त्यात मामा तडा शोधत होता! ते ऐकणं मला माझ्या ऐकण्यापेक्षा बारीक वाटलं, आणि तेव्हापासून मी नॉयबाउटेन ऐकताना कुठला धातू आहे हे ओळखायला लागलो, गाणं जास्तच आवडतं.

याच कारणानं मला धुराचं मशीन लावलेले बँड झेपत नाहीत. लेदर, लेन्स, नकली सुळे, आवाज मुद्दाम घोगरा, आणि ऐकायला गेलं तर मागे नुसता कीबोर्डचा लगदा. रामस्टाइन या बँडची स्टेजवरची आग बघायला भारी, नाही म्हणत नाही, पण लिहायला बसलो की दोन परिच्छेदांत संपतं. त्यापेक्षा टेस्ट डिपार्टमेंट घ्या. लंडनचे हे भंगार बडवणारे गडी १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात वेल्सच्या संपकरी कामगारांच्या गायकवृंदाला घेऊन उभे राहिले, एकत्र रेकॉर्डही काढली. लोखंडावरचे घाव आणि चर्चमध्ये गाऊन तयार झालेले खाणवाल्यांचे गळे. त्यातला अंधार खोटा वाटत नाही, घरी पगार न आलेल्यांचा आहे तो.

"तुला कसलं दुःख आहे का?" हा प्रश्न मला नेहमी येतो, लग्न ठरायच्या काळात तर फारच यायचा. दुःखी माणूस असली गाणी ऐकत नाही हो, त्याला भावगीतं पुरतात. मला वाटतं ते वेगळंच आहे. आमच्या जिल्ह्यात सौंदत्तीची यल्लम्मा आहे, तिथं मार्गशीर्षातल्या पुनवेला देवीलाच वैधव्य येतं, बांगड्या फोडतात, आणि पुढं ती पुन्हा अहेव होते. लाखो माणसं बैलगाड्या, ट्रक, एसटी करून येतात, चौंडकं वाजत असतं, ज्याची एकच तार ताणून-सोडून असा काही गुरगुरता आवाज काढतात की कुठल्याही सिंथेसायझरनं हात जोडावेत. म्हणजे आमच्याकडे शोकाला कॅलेंडरात जागा आहे, तारीख ठरलेली, वाद्य ठरलेलं. नॉर्थॅम्प्टनच्या त्या चार पोरांकडे १९७९ मध्ये असलं काही नव्हतं, म्हणून त्यांनी एका जुन्या नटाचं मरण उसनं घेतलं आणि नऊ मिनिटं त्याचं सुतक पाळलं. हे मी आमच्या मावशीला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग यल्लम्मालाच चल की, ह्येला पैसे कशाला घालतोस." उत्तर नव्हतं.

लायबाखबद्दल एवढ्यात आटपणार नाही, पण सोडवतही नाही. १९८० साली युगोस्लाव्हियातल्या त्रबोव्ल्ये या कोळशाच्या गावात निघालेला बँड, गावात ३६० मीटर उंच धुराडं. लायबाख हे ल्युब्ल्याना शहराचं जर्मन नाव, आणि तिथं महायुद्धाच्या आठवणी ताज्या, त्यामुळं त्या नावावरून असा गदारोळ झाला की काही वर्षं त्यांना राजधानीत त्या नावानं कार्यक्रमच करता येईना. म्हणजे शहराचं कुठलं नाव घ्यायचं यावरून भांडण, आणि तेही एका बँडवर काढलेलं. २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं आणि आमच्या शहराच्या पाट्या बदलल्या तेव्हा मी हेडफोनमध्ये लायबाख लावून कॉलेज रोडनं चालायचो आणि एकटाच हसायचो. पुढं २०१५ ला हेच लायबाख उत्तर कोरियात जाऊन वाजवून आले, म्हणजे नावासाठी घरी नडलेल्यांना कुठं दार उघडावं याला काही नियम नाही.

तर सध्या डोक्यात आहे ते असं की उद्यमबागेतले आवाज रेकॉर्ड करायचे, शेकआउटचा म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात त्याचा, ग्राइंडरचा, क्रेनच्या साखळीचा, आणि मामाला घेऊन त्यातला कुठला नग पास, कुठला नापास ते बोलून घ्यायचं, पुण्याचा एक मित्र त्यावर काहीतरी बांधायला तयार आहे. मामानं ओळखीच्या एका फौंड्रीवाल्याकडे शब्द टाकला. मालक फार भला माणूस, चहा पाजला, माइक हातात घेऊन बघितला, कितीला पडला विचारलं, आणि म्हणाला, "या की, कधीपण या. सुट्टीदिवशीच या बघा, सगळी मशिनं बंद असत्यात, तुमचं रेकॉर्डिंग एकदम निवांत होतंय."